डोके वाचून बोल्ट घ्या

नट-बोल्टवर कुणी लेख लिहितो का, असे बैठकीला आलेले भाऊ म्हणतील. भाव, वीज, कर्ज सोडून ही पावशेर लोखंडाची गोष्ट कशाला? पण मृगाचा पाऊस पडावा, वाफसा यावा, भाड्याचा ट्रॅक्टर मिनतवारीने बांधावर यावा आणि दुसऱ्याच फेऱ्यात पेरणीयंत्राच्या फणाचा बोल्ट तुटावा, म्हणजे काय होते हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको.

माझ्यावर ही पाळी आली. किलोच्या भावाने आणलेले चकचकीत बोल्ट एकामागून एक तीन गेले. चौथा आणायला माणूस तालुक्याला गेला, ट्रॅक्टरवाला दुसऱ्याच्या शेतात गेला, आणि ओल उडाली. ज्वारीची पेरणी पुढच्या पावसापर्यंत खोळंबली. दुकानदार म्हणाला, "पाटील, तुमची जमीनच कडक आहे." म्हणजे दोष जमिनीचा!

चूक माझीही होती. मी चकाकी पाहिली, डोके पाहिले नाही. चकाकी असते जस्ताच्या मुलाम्याची. ती गंज थोपवते. ताकदीशी तिचा संबंध नाही. ताकद बोल्टच्या डोक्यावर आकड्यात लिहिलेली असते: ४.६, ८.८, १०.९. पहिल्या आकड्याला शंभराने गुणा. एक चौरस मिलिमीटर पोलाद तुटेपर्यंत निदान तेवढे न्यूटन ओढ सोसते. दुसरा आकडा सांगतो, त्यातल्या किती हिश्श्यापर्यंत ताणला तरी बोल्ट पुन्हा मूळ लांबीवर येतो. ४.६ मध्ये सहा दशांश, म्हणजे ४०० पैकी २४०, ८.८ मध्ये आठ दशांश, म्हणजे ८०० पैकी ६४०. १२ मिलिमीटरचा ४.६ चा बोल्ट सरळ ओढला तर साधारण साडेतीन टनांना तुटतो, त्याच मापाचा ८.८ चा जवळपास सात टनांना. जाडी तीच, आटे तेच, पाना तोच. शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून डोक्यावर आकडा आणि बनवणाऱ्याची खूण नसेल, तर "हा हायटेन्साइलच आहे" या तोंडी शब्दाला काही किंमत नाही. नटावरही आकडा असतो. ८.८ च्या बोल्टला ८ चाच नट लागतो, नाहीतर बोल्ट शाबूत राहतो आणि नटाचे आटे सोलून निघतात.

आणखी एक. लोहार विळ्याला पाणी देतो, तसे ८.८ च्या बोल्टलाही कारखान्यात पाणी दिलेले असते: तापवून विझवायचे, मग पुन्हा बेताने तापवायचे. तो भट्टीत लाल करून वाकवला किंवा वेल्डिंगने जोडला की पाणी उतरते. डोक्यावर ८.८ तसेच राहते, आत मात्र ते पोलाद उरलेले नसते.

हल्ली स्टेनलेसचे बोल्ट पुढे करतात. "गंजत नाही आणि दणकटही आहे." पहिले बऱ्याच अंशी खरे, दुसरे नाही. नेहमी मिळतो तो ए२-७० बोल्ट ७०० न्यूटनला तुटतो आणि ४५० लाच कायमचा ताणला जातो. फणाला तो लावणे म्हणजे दाम जास्त देऊन ताकद कमी घेणे. खताच्या पेटीला मात्र तो शोभतो. तिथेही पोटॅशमधले क्लोराइड त्याला टोचून खड्डे पाडते, तेव्हा पेरणी उरकली की पेटी धुऊन कोरडी केलीच पाहिजे. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर जाम बसतो. आट्यांना आधी ग्रीस लावा.

पितळ खताजवळ नकोच. इंग्रजांच्या फौजेने हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत पितळी काडतुसे ठेवली, ती ठेवल्या जागी तडकली. कारणाचा नीट उलगडा १९२१ साली झाला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि थंड ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण. युरियातूनही अमोनियाच सुटतो.

पण सगळीकडे भारीच बोल्ट हवा असेही नाही. रोटाव्हेटरच्या शाफ्टचा शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. दगड लागला की आधी तो जावा, बाकी यंत्र वाचावे. तो सारखा तुटतो म्हणून चिडून तिथे १०.९ ठोकणारे शहाणे मी पाहिले आहेत. त्यांचा पुढचा खर्च गिअरबॉक्सचा होता. यंत्राच्या पुस्तिकेत जो आकडा दिला आहे तोच तिथे घालावा.

एकट्याने आकडा विचारला तर दुकानदार हसतो. गावातल्या दहा घरांनी मृगाआधी एकत्र खरेदी करावी, माल भारतीय मानक १३६७ प्रमाणे मागावा आणि बिलावर आकडा लिहून घ्यावा, असे माझे म्हणणे आहे. पुढच्या बैठकीला येताना अवजाराचा एखादा तुटलेला बोल्ट खिशात घालून आणा. डोक्यावर काय लिहिले आहे ते सगळे मिळून वाचू.