बंदर दारात, अकरावी कॉमर्सला

न्हावा शेवा परिसरातल्या मुलांचं कॉलेज आजवर मार्कांनी कमी आणि रस्त्याने जास्त ठरवलं. करळ फाट्यावर ट्रेलर अडकले की पनवेलची एसटी अडकली, एसटी अडकली की पहिलं लेक्चर गेलं. मुंबईला जायचं तर मोऱ्याहून लाँच. पण मोरा बंदरात गाळ साचलेला. मोठी ओहोटी असली की लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या रद्द होतात. प्रॅक्टिकलची वेळ विद्यापीठ ठरवणार, पोचायची वेळ समुद्र ठरवणार! अशा ठिकाणी आईबापांनी ‘जे जवळ ते बरं’ म्हटलं तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. फुंड्याचं रयत शिक्षण संस्थेचं वीर वाजेकर कॉलेज नाहीतर उरण शहरातलं कोकण ज्ञानपीठाचं कॉलेज. मार्क बरे आणि घरात ऐपत असेल तर पनवेल, फार तर वाशी. विषय संपला.

12 जानेवारी 2024 रोजी हे चित्र बदलायला लागलं. त्या दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि सगळे कॅमेरे तिकडे वळले. 21.8 किलोमीटरचा पूल, कौतुक व्हायलाच हवं. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि रोज टोल भरून चारचाकीने कॉलेजात जाणारी मुलं इथे किती असणार? याच दिवशी खारकोपरपर्यंत येऊन थांबलेली लोकल उरणपर्यंत आली. खऱ्या अर्थाने पोरांच्या उपयोगाची गोष्ट ही. न्हावा शेव्याला स्वतःचं स्टेशन मिळालं. नेरूळ, सीवूड्स, बेलापूर इथली कॉलेजं रोज जाऊन-येऊन करता येतील अशा टप्प्यात आली. लोकल कितीही बेताच्या असल्या तरी त्या ट्रेलरच्या मागे अडकत नाहीत.

घरोघर पोचायला हवी आणि पोचलेली दिसत नाही अशी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी रेल्वेचा सेकंड क्लासचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत फुकट आहे. कॉलेजचं पत्र घेऊन खिडकीवर जायचं, एवढंच. ‘पोरीला एवढ्या लांब कशाला, भाडं कोण भरणार’ हे वाक्य शंभरातल्या नव्याण्णव घरांत आजही तसंच ऐकू येतं. यातलं भाडं आता राहिलेलं नाही. उरली ती काळजी. ती खरी आहे, पण मग तिला काळजीच म्हणावं, खर्चाच्या नावाखाली ती खपवू नये.

तरीही निवडीची खरी गोम अंतरात नाही. कॉलेज बारावीनंतर निवडायचं असतं असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात ते दहावीनंतरच्या पंधरवड्यात निवडून होतं. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, दहा पसंत्या देता येतात. फॉर्म भरणारा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा, शेजारी आई, समोर झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर. पहिली पसंती जवळची, दुसरी मित्राने भरली ती, आणि शाखा कॉमर्स. का? तर सायन्सला क्लास लावावे लागतात आणि कॉमर्स करून सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामांत, चिकटता येतं. बाकीच्या पसंत्या रकाने रिकामे दिसू नयेत म्हणून. पाच-दहा मिनिटांत काम उरकतं, आणि त्यात काही वाटा कायमच्या बंद झाल्या हे दोन वर्षांनी कळतं.

कोणत्या, ते पाहा. सीवूड्स स्टेशनपासून जवळ, करावे गावाच्या बाजूला टी.एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था आहे. 1927 च्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजापासून चालत आलेली ही परंपरा. मग ‘राजेंद्र’ आलं, आणि 1993 पासून ‘चाणक्य’ जमिनीवर भरतं. आज ते भारतीय सागरी विद्यापीठाचा भाग आहे. जहाजावरचे अधिकारी इथे घडतात. न्हावा शेव्याच्या धक्क्याला लागलेल्या जहाजांच्या ब्रिजवर जे उभे असतात आणि त्यांना खाडीतून आत आणणारे जे बंदराचे पायलट असतात, त्यांतले अनेक याच वाटेने गेलेले असतात. या वाटेला लागायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये साधारण 60 टक्के हवेत, इंग्रजीत 50, नजर चांगली आणि विद्यापीठाची सीईटी. म्हणजे ज्याने अकरावीला गणित सोडलं, त्याच्या बापाने आयुष्यभर बंदराच्या तोंडावर मासेमारी केलेली असली, तरी त्या ब्रिजवर जायची ही वाट त्याच्यासाठी बंद झाली. आणि ती बंद झाली झेरॉक्सच्या दुकानात!

सीएफएसमध्ये चिकटण्याचंही बघू. कंटेनर मोजायला, सील तपासायला, कागद फिरवायला बारावी पास मुलं लागतात आणि ती मिळतात. कस्टम ब्रोकरकडे काम करणाऱ्याला पास लागतो. 2018 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी बारावी पुरते. कार्ड गळ्यात आलं की पोरगं कमावतं झालं, घरात आनंद. पण ब्रोकरचं लायसन्स स्वतःच्या नावावर घ्यायचं तर पदवी लागते, शिवाय वेगळी परीक्षा. कार्डवाला दहा-दहा वर्षं ज्याच्यासाठी बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) फिरवतो, त्याच्या खुर्चीत बसायला त्याला पदवीचा अभाव आडवा येतो. नोकरी करता करता बाहेरून पदवी घेणारे असतात, त्यांचं कौतुक आहे. पण बहुतेकांचं राहून जातं, कारण शिपमेंटची घाई आणि परीक्षेचं वेळापत्रक एकाच आठवड्यात येतात. अठराव्या वर्षी पगार सुरू करणारी ही नोकरी पस्तिसाव्या वर्षीही त्याच टेबलाजवळ उभं करते, हे कोणी आधी सांगत नाही.

कोर्सच्या नावांच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवावेत. बीएमएस, बीबीए, बीसीएला 2024 पासून सीईटी लागली. त्याबरोबर कित्येक कॉलेजांनी जुना अभ्यासक्रम नव्या नावाने, सीईटीविना देऊ केला. यात बेकायदा काही नाही. पण ‘लॉजिस्टिक्स’ हा शब्द पत्रकावर आला म्हणजे शिकवायला लॉजिस्टिक्स जाणणारा माणूस आला असं नव्हे. पत्रक बाजूला ठेवून दोनच गोष्टी विचाराव्यात: कायम शिक्षक किती, आणि मागच्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत. उत्तराऐवजी कॅन्टीन आणि एसी सेमिनार हॉल दाखवला तर उत्तर मिळालं असं समजावं. मुलींच्या पालकांसाठी आणखी एक. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शैक्षणिक आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागलं की ही माफी गेली.

एवढं सगळं पालकांना सांगून मोकळं होता येत नाही. रेल्वेचा एक परिणाम उलटाही होणार आहे. बरे मार्क असलेली मुलं नेरूळ-बेलापूरला जातील, आणि फुंड्याला-उरणला ज्यांना पर्याय नाही ती उरतील: पहाटे कामं उरकून येणाऱ्या मुली, अर्धा दिवस कुठेतरी नोकरी करणारी मुलं, मार्क कमी पडलेली मुलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत काढली ती याच मुलांसाठी, त्यामुळे यात लाजण्यासारखं काही नाही. पण जवळचं कॉलेज हे केवळ उरलेल्यांचं कॉलेज झालं की तिथे शिकवणाऱ्यांचाही जीव रमेनासा होतो. मग जवळ राहणं ही निवड राहत नाही.

इथे बंदर देणं लागतं, आणि ते जुनं आहे. या जमिनी सहजासहजी मिळालेल्या नाहीत. जानेवारी 1984 मध्ये भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात जासई-दास्तान आणि पागोटे भागांत गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. शेवा कोळीवाडा उठवून वसवलेल्या हनुमान कोळीवाड्यात घरांना वाळवी लागली आणि लोक अजून नव्या जागेसाठी भांडताहेत. मोबदल्यातल्या साडेबारा टक्के विकसित जमिनीच्या कागदासाठी एक पिढी म्हातारी झाली. या लढ्याचं नेतृत्व करणारे जासईचे दि. बा. पाटील वकील होते, हेही विसरू नये. सिडकोच्या आणि सरकारच्या कागदांना कागदाने उत्तर देणारा माणूस गावातलाच असणं किती मोलाचं होतं, ते आंदोलनातल्या कोणालाही विचारा.

म्हणून मागणी साधी आहे. बंदर प्राधिकरणाने आणि धक्के चालवणाऱ्या खासगी कंपन्यांनी आपला सामाजिक निधी कमानी-प्रवेशद्वारांवर घालण्याआधी फुंडे आणि उरणच्या कॉलेजांत अकरावी-बारावीला फिजिक्स-मॅथ्सचे पूर्ण वेळ शिक्षक द्यावेत. सागरी विद्यापीठाच्या सीईटीचा वर्ग तिथेच, कॉलेजच्या वेळेत, फी न घेता चालवावा. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला कस्टम ब्रोकरच्या परीक्षेचा अभ्यास बंदरातल्याच जाणत्या माणसाकडून शिकवून घ्यावा. आणि दहावीच्या सुट्टीत एक दिवस या गावांतल्या मुलांना आईबापांसह बंदर आतून दाखवावं: क्रेन कोण चालवतो, पायलट कोण, कागद कोण फिरवतो, आणि यांपैकी प्रत्येकाने अकरावीला कोणते विषय घेतले होते.