ताकापुरती आजी

दिवाळी जवळ आली की संपादकांचे पत्र येते आणि मी टेबलाचा खण उपसायला बसतो. यंदा खणात सापडली ती रबरबँड लावलेली कार्डांची चळत. छापखानदार, कागदाचे व्यापारी, बँकेचे साहेब! एके काळी ही माझी दौलत होती. तिची खरी किंमत मला १९८८ साली कळली.

तालुक्याच्या गावी माझा छापखाना होता. खिळे जुळवण्याचे दिवस सरत आले होते आणि शहरातल्या ऑफसेटपायी गावच्या लग्नपत्रिकासुद्धा तिकडे छापून येऊ लागल्या होत्या. ते यंत्र एकट्याला परवडणारे नव्हते. म्हणून मी योजना आखली : गावातल्या नऊही छापखान्यांनी मिळून सहकारी संस्था काढावी, एक यंत्र घ्यावे आणि पाळीपाळीने वापरावे. आकडे चोख होते. सभेला सगळे आले, चहा प्याले, माना डोलावल्या. सही मात्र एकानेही केली नाही.

सभा उठल्यावर एक वडीलधारे छापखानदार मागे रेंगाळले. म्हणाले, "योजनेत खोट नाही हो. पण तुम्ही आमच्या दारी आलात ते कागद कमी पडला तेव्हा, नाहीतर खिळे उसने हवे होते तेव्हा. मुलाच्या आजारपणात माझा छापखाना महिनाभर बंद होता. तेव्हा माझी गिऱ्हाइके तेवढी घेतलीत, चौकशीला आला नाहीत. आता कर्जाला जामीन राहा म्हणता. कसे राहायचे?"

काय बोलणार? ताकापुरती आजी, दुसरे काय!

त्याच हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने प्रवरानगरला जाणे झाले. तिथला साखर कारखाना सर्वांच्या ओळखीचा. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्यांची वाट त्याने दाखवली. पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पण विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीत सहकारी पतपेढी काढली ती १९२३ साली! म्हणजे कारखान्याच्या आधी पाव शतक गावाने एकमेकांचे छोटे छोटे हिशेब सांभाळले होते. कोण शब्दाला जागतो आणि कोणाला सांभाळून घ्यावे लागते, हे ठाऊक झालेली माणसे भाग-भांडवलाला पुढे आली. आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ? एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ, पण नुसता सल्ला देऊन पुण्याला परतला नाही. कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी घेतले, म्हणजे बुडाला तर दोष आपल्याही माथी, हे पत्करले.

माझी चूक मला तिथे दिसली. मी शेवटची पायरी आधी चढायला निघालो होतो.

घरी आल्यावर त्या वडीलधाऱ्यांच्या गिऱ्हाइकांची यादी केली. सात जणांना समजावून परत त्यांच्याकडे धाडले. धंद्याला चिमटा बसला, सौभाग्यवतींनी दोन दिवस अबोला धरला. मग दर शनिवारी एकेका छापखान्यात जाऊन बसू लागलो. काम काही नाही. कोणाचा रोलर बिघडलेला असे, कोणाची उधारी अडकलेली. जमेल ते करायचे, नाहीतर ऐकायचे. माझ्याही अडचणी सांगायला शिकलो. ते जास्त जड गेले.

अखेर यंत्र आले ते १९९२ साली, जुने, आणि आम्हा चौघांत मिळून. पहिली सही त्या वडीलधाऱ्यांची. बाकीचे पाच छापखाने तोवर बंद पडले होते. मी दहा वर्षे आधी शनिवार पाळले असते तर त्यातले दोन-तीन तरी वाचले असते, ही रुखरुख अजून जात नाही.

असो. कार्डांची चळत मी फेकली नाही. त्यातली चार माणसे अजून गावात आहेत. भाऊबीज झाली की एकेकाकडे फराळाला जाणार आहे. काय काम काढलेत, असे कोणी विचारलेच, तर काही नाही म्हणेन, आणि ते खरे असेल.