सराव सामन्यात कोण कसे खेळले?

गेल्या रविवारी सकाळी पावसाने जरा उघडीप दिली, म्हणून आम्ही मैदानाकडे गेलो. शालेय फुटबॉलच्या स्पर्धा तोंडावर आल्या आहेत. त्याआधी अंगातला गंज निघावा म्हणून आपल्या वस्तीतल्या मुलांनी पलीकडच्या शाळेच्या मुलांशी सराव सामना ठेवला होता. मैदान म्हणजे अर्धे गवत आणि अर्धा चिखल. एका बाजूला गोलचे खांब म्हणून बांबू, दुसऱ्या बाजूला दोन दप्तरे. अकरापैकी पाच जणांच्याच पायात बूट. आपली मुले ३-१ अशी हरली.

कडेला आम्ही पंचवीस-तीस माणसे उभी होतो आणि सगळी एकच शब्द ओरडत होतो, "मार! मार!" सामना संपल्यावर आपल्या बाजूने एकुलता एक गोल करणाऱ्याला लोकांनी खांद्यावर घेतले. त्याने गोल केला हे खरे, पण त्याआधी तीन सोप्या संधी आभाळात घालवल्या होत्या, ते कुणाच्या लक्षात राहिले नाही.

आमच्या गल्लीतला एक मुलगा उजव्या बाजूला बॅक म्हणून खेळला. दहावीत आहे. नाव छापत नाही, लाजेल. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई मिरचीच्या हंगामात पथारीवर देठ खुडायला जाते. सामना संपल्यावर वडील आम्हाला भेटले. जय भीम झाला आणि लगेच म्हणाले, "भाऊ, पोऱ्यानी एक बी गोल नही मारा. मंग खेळीसन काय फायदा?" पुढच्या आठवड्यापासून पोराला दुपारी दुकानात कामाला लावतो, असेही म्हणाले. मुलगा बाजूला उभा राहून पायाचा चिखल काठीने खरवडत होता.

आम्हाला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. सुचणार कसे? आम्ही स्वतः दीड तास "मार, मार" करीत होतो. आणि बी.कॉम. झालेल्या कारकुनाची एक खोड असते. ताळेबंद हातात आला की नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते.

या खोडीने एकदा आमची चांगलीच फजिती केली आहे. ती आज सांगून टाकतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात भरणार होता. त्याच्या तयारीसाठी आपला संघ युरोपात सराव सामने खेळत फिरत होता. मे महिन्यात बातमी आली की इटलीत अरेझो येथे भारताने इटलीला २-० असे हरवले! अभिजित सरकार आणि राहुल के. पी. यांचे गोल. आम्ही ऑफिसात पाव किलो पेढे वाटले. साहेबांनाही दिला. पुढे उलगडा झाला की समोर इटलीचा राष्ट्रीय संघ नव्हताच, तिथल्या तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबांची मुले होती. पेढे खाल्लेल्यांनी आम्हाला वर्षभर छळले. पण त्यात त्या मुलांचा काय दोष? समोर उभा केला त्याच्याशी ते खेळले आणि जिंकले. निकालावरून मोठाले अनुमान काढणारे आम्ही चुकलो.

मग ऑक्टोबर आला. दिल्लीतले तिन्ही सामने आम्ही टीव्हीसमोर बसून पाहिले. ६ तारखेला अमेरिकेकडून ०-३, ९ तारखेला कोलंबियाकडून १-२, १२ तारखेला घानाकडून ०-४. शेवटची ओळ वाचली तर सगळा तोटाच तोटा. पण आम्ही सामने पाहिले होते, म्हणून आमचा कौल वेगळा आहे. गोलकीपर धीरज सिंगने अमेरिकेचे आणि कोलंबियाचे कितीतरी फटके अडवले, तो नसता तर आकडे सांगायला लाज वाटली असती. अमेरिकेविरुद्ध जितेंद्र सिंगच्या धसमुसळेपणाने पेनल्टी गेली, ही चूकच. मात्र दोन गोल खाल्ल्यावरही आपली पोरे पुढे चढत होती. शेवटी अन्वर अलीचा फटका आडव्या खांबावर आदळून परतला आणि त्याच धावपळीत अमेरिकेने उलट जाऊन तिसरा गोल केला. चार बोटे खाली असता तर? असो. तो खांब आम्हाला अजून दिसतो.

कोलंबियाविरुद्ध राहुलचा फटका असाच खांबाला लागला. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नर मारला आणि मणिपूरच्या जेक्सन सिंगने डोक्याने गोल केला. फुटबॉलच्या विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल! आमच्या घरात आरडाओरड झाली, शेजारी धावत आले. ते दारातून आत येईपर्यंत कोलंबियाने दुसरा गोल केलासुद्धा. मुले आनंदात होती आणि जागेवर परतायला उशीर झाला. आम्हीही टीव्हीकडे पाठ करून नाचतच होतो, तेव्हा कुणी कुणाला बोलावे?

त्या संघाबद्दल आणखी एक गोष्ट त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आली होती. कप्तान अमरजित सिंगची आई मासळी विकत असे. जेक्सनची आई भाजी विकत असे. स्टॅलिनच्या घरचे बंगळूरच्या फुटपाथवर कपडे विकत. अभिजितचे वडील व्हॅन-रिक्षा ओढत, जितेंद्रचे वडील पहारेकरी, कोमल थाटलचे आई-वडील शिंपीकाम करणारे. आणि आपल्या महाराष्ट्राचा, कोल्हापूरचा अनिकेत जाधव, त्याचे वडील ऑटोरिक्षा चालवणारे. अमेरिकेविरुद्ध तो अगदी पुढे खेळला. पुढच्या खेळाडूला चेंडूच मिळत नसेल तर त्याची धाव कुणाला दिसत नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसात म्हणालो होतो, "कोल्हापूरवाल्याने काही केले नाही." आज ते वाक्य मागे घेतो. चेंडू आला असता तर काय केले असते, एवढेच विचारायला हवे होते.

अनिकेतवर आम्ही दुसऱ्यांदा चिडलो ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ कोटिफ नावाची स्पर्धा असते. हंगामापूर्वी मुलांच्या संघांची तिथे परीक्षा होते. आपला वीस वर्षांखालील संघ गेला होता. मुर्सियाकडून ०-२ हार, मॉरिटानियासारख्या देशाकडून ०-३ हार, मग व्हेनेझुएलाशी बरोबरी. आणि त्यानंतर समोर अर्जेंटिना! मार्गदर्शक कोण, तर लिओनेल स्कालोनी, ज्यांच्या हाताखाली २०२२ मध्ये अर्जेंटिनाने मोठा विश्वचषक जिंकला. चौथ्या मिनिटाला दीपक टांगरीने हेडरने गोल केला. चोपन्नाव्या मिनिटाला अनिकेतला लाल कार्ड. दहा जण उरले. एवढ्यावर कुणीही हातपाय गाळले असते. पण अन्वर अलीने फ्रीकिकवर दुसरा गोल मारला, अर्जेंटिनाने एक फेडला आणि भारत २-१ ने जिंकला. तीच अर्जेंटिना पुढे ती स्पर्धा जिंकून गेली.

हा सामना आम्हाला पाहायला मिळाला नाही, नुसता वाचला. पण वाचतानाही प्रश्न पडला की अर्धा तास दहा जणांनी अर्जेंटिनाला रोखले, ते कुणी रोखले? गोल करणाऱ्या दोघांची नावे सगळीकडे छापली. मागे उभे राहून माणूस धरणाऱ्यांची नावे बातमीच्या शेवटी तरी आली का? आणि लाल कार्ड मिळालेला अनिकेत संपला का? नाही. २०१९ मध्ये तो इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात प्रशिक्षणाला जाऊन आला आणि २०२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता. अन्वर अलीचे तर विचारूच नका. हृदयाचा आजार निघाला, खेळ थांबवा असे सांगण्यात आले, तो दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि परत मैदानावर आला. २०२२ मध्ये हाँगकाँगविरुद्ध भारतासाठी दुसऱ्याच मिनिटाला त्याने गोल केला. तोही मुळात बॅकच!

आता परत आपल्या मैदानावर येऊ. रविवारी घरी आल्यावर आम्ही वहीत आठवून आठवून लिहून काढले. पलीकडच्या संघाचा डाव्या बाजूचा पोरगा सगळ्यांत वेगवान होता. आपल्या बॅकने त्याला गोलकडे वळूच दिले नाही, सतत कडेला रेटले. घाईने पाय घातला नाही, तो थांबला की हा थांबायचा. तिन्ही गोल झाले ते मधून आणि डावीकडून, याच्या बाजूने एकही नाही. एकदा गोलकीपर चिखलात घसरला, तेव्हा दप्तराच्या रेषेवरून चेंडू यानेच काढला. म्हणजे गोल केला नसेल, पण एक वाचवला. हिशेबात दोन्हींची किंमत एकच. उणीवही आहे. चेंडू मिळाला की डोळे मिटून लांब मारतो आणि तो बहुतेक वेळा समोरच्यांच्याच पायात जातो. मान वर करून आपला माणूस शोधायला शिकला पाहिजे. डाव्या पायाने तर तो चेंडूला हातच लावत नाही म्हणा ना!

मुलांपैकी काही तेव्हा पहिली-दुसरीत होती, जेव्हा सरकारने शाळाशाळांना फुटबॉल दिले आणि १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यात दहा लाख मुलांनी खेळावे असे ठरवले. हाही त्यांतलाच. त्या दिवशी तो पहिल्यांदा खऱ्या फुटबॉलला लाथ मारून आला आणि घरभर सांगत सुटला होता, हे त्याच्या आईने आम्हाला सांगितले. ती म्हणाली, तेव्हापासून चपला टिकत नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी वही घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. वडील नुकतेच यार्डातून आले होते, पाठ दुखत होती. आम्ही वाचून दाखवले. पहिल्यांदा ते हसले. मग त्यांनी विचारले, "तो पळणारा पोऱ्या किती वेळा आला याच्या अंगावर?" आम्ही म्हणालो, आम्ही मोजले ते अकरा वेळा. "आणि किती वेळा गेला?" दोनदा. ते जरा वेळ गप्प राहिले. दिवसभर पोती मोजणाऱ्या माणसाला आकडा कळतो. दुकानाचे काय, ते मात्र बोलले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. घरात पैशाची ओढ आहे, ती आमच्या वहीने भागणार नाही हे आम्हाला कळते.

येत्या रविवारी पुन्हा सामना आहे. या वेळी आम्ही ओरडणार नाही, मोजणार आहोत. वडिलांनाही बोलावले आहे. ते म्हणाले, गाड्या आल्या नाहीत तर येतो.