जादूचं बिल कोण भरणार?

भर पावसात गगनबावड्याला गेलात, तर घाट बघायला मिळेलच याची गॅरंटी नाही! करूळ आणि भुईबावडा असे दोन-दोन घाट बघायचा प्लॅन करून आम्ही पाच जण पुण्याहून गेलो आणि दोन दिवस धुक्याकडे बघत खोलीत बसलो. त्यात लाइट गेली. मग काय, मेणबत्ती, कांदाभजी आणि वीस बाजूंचा फासा!

दर शनिवारी रात्री आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. गोष्ट रचायचं काम माझं. पण हल्ली ग्रुप फुटायच्या बेतात होता, आणि कारण आमचा जादूगार. दार बंद? मंत्र. राक्षस आला? आगीचा गोळा. शेवटी तलवारवाली मैत्रीण वैतागली. "सगळं हाच करणार असेल तर मी कशाला येऊ? मी इथे नुसती भजी खाते!"

मुद्दा करेक्ट होता. जादू फुकट असली की बाकीचे सगळे प्रेक्षक. म्हणून मी आधी प्रत्येक मंत्रामागे त्याची ताकद कमी केली. त्याने वहीत हिशोब मांडला, गोष्टीत एक झोप काढली आणि पुन्हा फुल चार्ज! मग नियम केला, फासा वाईट पडला तर मंत्र उलटणार. एकदा दाढी जळाली, एकदा स्वारी बेडूक झाली. पठ्ठ्या भडकलाच. "नशीब खराब, त्याची शिक्षा मला का?" त्याचंही खरंच होतं.

हा घोळ जुनाच आहे म्हणा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये हा खेळ आणला, तेव्हा तोडगा घेतला तो जॅक व्हान्सच्या 1950 च्या 'द डाइंग अर्थ'मधून. मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जाणार. आपल्याला यात नवल नाही. ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही, हा परशुरामाने कर्णाला दिलेला शाप याच जातीचा. पुढे 1978 च्या नियमांत वेग वाढवणारा मंत्र ज्यांच्यावर टाकाल, त्यांचं वय वाढायचं. म्हणजे जादू एकाची, सुरकुत्या दुसऱ्याला! 1991 च्या 'डार्क सन'मध्ये तर जादूगार आसपासच्या झाडाझुडपांचा जीव शोषून घ्यायचे.

इथे माझी ट्यूब पेटली. कोल्हापूरकर वि. स. खांडेकरांची 'ययाति' आठवली. तारुण्य बापाला हवं, म्हातारपण पुरूच्या वाट्याला. गंमत म्हणजे खांडेकरांचं ज्ञानपीठही 1974 चंच!

रात्री नवा नियम सांगितला. आपली गोष्ट याच घाटात घडते. मोठा मंत्र टाकायचा असेल तर ताकद खालच्या गावाच्या पावसातून येणार. एक मंत्र म्हणजे भाताचं एक शेत कोरडं. फासा नाही, नशीब नाही. ठरव तू.

पहिला राक्षस आला. जादूगाराने हात उचलला, खिडकीबाहेर कोसळणाऱ्या पावसाकडे बघितलं आणि चक्क तलवारवालीला म्हणाला, "तुला जमेल का गं?" तिने भजी खाली ठेवली. पुढचे दोन तास कुणी मोबाइलला हात लावला नाही. शेवटी तिचा जीव धोक्यात आला, तेव्हा त्याने मंत्र टाकलाच. एक शेत गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गोष्टीत त्या शेतकऱ्याला भेटायला जायचं, असं मात्र सगळ्यांनी ठरवलं.

तर दोस्तहो, जादूगाराला दुबळा करू नका. बिल दुसऱ्याच्या टेबलावर ठेवा आणि सही त्याच्याकडून घ्या.

सोमवारी ऑफिसात एका रात्रीत प्रेझेंटेशन संपवून मी हीरो झालो. घरी पोचलो तेव्हा आई जेवायची थांबून सोफ्यावरच झोपली होती. खेळात हा नियम मीच केला होता, नाही का?