मागचे दार आधी लावा

भिवंडीत माणकोलीपासून पूर्णा-काल्हेरपर्यंत कोणत्याही गोदामात शिरा. गेटजवळच्या केबिनमध्ये दोन-तीन संगणक, शेजारी बारकोडचा प्रिंटर आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर एकच युजरनेम-पासवर्ड. त्याच नावाने दिवसपाळीचा सुपरवायझर काम करतो, रात्रपाळीचाही, आणि दिवाळीच्या गर्दीत ठेकेदाराने पाठवलेला मुलगाही. माल कमी भरला आणि नोंद कोणी केली हे शोधायला गेले, की सॉफ्टवेअर त्या चिठ्ठीवरचेच नाव सांगते.

सिंगल साइन-ऑनचा, म्हणजे एकाच लॉगिनने सगळी सॉफ्टवेअर उघडण्याचा, विषय निघाला की आपण पासवर्ड कमी होतील या सोयीपासून बोलायला लागतो. भिवंडीत दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. इथे माणसे हंगामाबरोबर बदलतात. त्यामुळे माणूस कामावर येतो त्यापेक्षा तो सोडून जातो तो दिवस आपल्या कामाचा.

मध्यंतरी एका गोदामात नोकरी सोडून गेलेल्या सुपरवायझरची खाती तपासत होतो. गोदामाच्या सॉफ्टवेअरमधले खाते त्याच दिवशी बंद झाले होते, हिशेबाचे आठवड्याने. वाहतूकदाराच्या पोर्टलवरचे कोणाला आठवलेच नव्हते. तो शेजारच्याच आवारात रुजू झाला होता आणि इथून कोणती गाडी कधी सुटते हे त्याला तिथे बसून दिसू शकत होते. त्याने गैरफायदा घेतला नाही, हा त्याचा भलेपणा. आपल्या व्यवस्थेने त्याला अडवले नव्हते.

ओळख एका जागी ठेवायची, मग ते एन्ट्रा असो, गूगल वर्कस्पेस असो वा स्वतःच्या सर्व्हरवरचे कीक्लोक, आणि बाकीच्या सॉफ्टवेअरने तिथून खात्री करून घ्यायची. या जोडणीसाठीचे सॅमल २.० हे प्रमाण २००५ सालचे, ओपनआयडी कनेक्ट २०१४ चे. आपल्या सॉफ्टवेअरला यातले काय चालते ते विक्रेत्याला विचारा. जोडणी जमते. घोळ होतो तो त्यानंतर. साइन-ऑन सुरू झाले तरी जुना पासवर्ड विचारणारा पडदा तसाच चालू राहतो. शिवाय मध्यवर्ती जागेकडून येणारी ओळखीची खात्री, म्हणजे सॅमलची चिठ्ठी, तपासली जाते ती आत शिरताना. एकदा आत आलेल्या माणसाचे सेशन सॉफ्टवेअर स्वतःच्या हिशेबाने चालू ठेवते. मध्यवर्ती खाते बंद केले, तरी त्याच्या हातातला स्कॅनर चालूच. म्हणून सेशन एका पाळीपेक्षा लांब ठेवू नका, आणि विक्रेता स्किम हे खाती जुळवण्याचे प्रमाण देत असेल तर खाती आपोआप बंद करण्याची सोय त्यावरून करून घ्या. काही विक्रेते साइन-ऑन फक्त महागड्या योजनेत देतात. कुलूप विकून किल्लीचे वेगळे पैसे मागण्यासारखे आहे हे, आणि करार होण्याआधीच त्यावर भांडायला हवे.

घड्याळाकडेही बघा. सॅमलची चिठ्ठी काही मिनिटांपुरतीच चालते. गोदामातल्या सर्व्हरचे घड्याळ मागे पडले की लॉगिन अडते आणि सगळे पासवर्डला दोष देतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळे जुळवणे आणि लॉग १८० दिवस ठेवणे, दोन्ही आहे. पण सहा जणांनी वापरलेल्या एकाच नावाचा लॉग १८० दिवस ठेवून हाती काय लागणार?

ई-वे बिलाचे पोर्टल सरकारी, ते आपल्या साइन-ऑनमध्ये येत नाही. तिथे १ एप्रिल २०२५ पासून सर्वांना दुहेरी पडताळणी लागते. ओटीपी मालकाच्याच मोबाइलवर जातो, म्हणून रात्री अकराला गाडी भरून उभी असते आणि केबिनमधून फोन जातो, ‘शेठ, ओटीपी आला का?’ उपवापरकर्ता तयार करून त्याचा स्वतःचा मोबाइल नोंदवायची सोय पोर्टलवर आहे. ती वापरा, आणि माणूस गेला की हे खाते हाताने बंद करायचे, हे यादीत लिहून ठेवा.

इंटरनेट गेले किंवा साइन-ऑनच बसले तर माल अडकू नये म्हणून गोदामाच्या सॉफ्टवेअरमधल्याच दोन आणीबाणीच्या खात्यांचे पासवर्ड पाकिटात बंद करून मालकाच्या कपाटात असू द्या. एन्ट्रामध्ये सॅमलचे प्रमाणपत्र मुळात तीन वर्षांचे असते. ते संपले की साइन-ऑन बसते, म्हणून संपायची तारीख आजच कॅलेंडरवर टाका.

दसऱ्याची भरती सुरू होण्याआधी एक चाचणी करा. एक चाचणी-खाते उघडा, सगळीकडे लॉगिन करा, मग ते मध्यवर्ती जागी बंद करा आणि तासाभराने कुठे कुठे अजून आत जाता येते ते पाहा. जे दार उघडे सापडेल, ते आधी लावा.