पिल्लू रात्रभर रडतं, त्याचं कारण आपल्या घरात नसतं

सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा मेसेज बहुतेकांनी वाचला असेल : "अमुक फ्लॅटमधलं कुत्र्याचं पिल्लू रात्रभर रडतंय, कृपया बंदोबस्त करावा." खाली वीस अंगठे. मग कमिटीची नोटीस, घरात भांडण, आणि महिन्याभरात "पिल्लू चांगल्या घरी द्यायचे आहे" अशी पोस्ट. चांगलं घर मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर काय होतं, तेही आपल्याला माहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच, की यात पिल्लाचा दोष नाही आणि शेजाऱ्यांचाही नाही. दोष ते पिल्लू विकलं गेलं त्या दिवशीच झालेला असतो.

आपल्याकडे तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू सर्रास विकलं जातं. विकणारा सांगतो, "लहान न्या, लवकर लळा लागतो." खरं गणित वेगळं आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून पिल्लं खायला लागतात, म्हणजे खर्च वाढतो. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस येते, तिचा खर्च वेगळा. त्याआधीच माल खपवला की हे सगळं गिऱ्हाइकाच्या गळ्यात. शिवाय पिल्लू जितकं इवलंसं, तितकं गिऱ्हाईक पटकन पाघळतं.

आणि लळ्याचं म्हणाल, तर पिल्लाचं माणसांशी आणि जगाशी जुळवून घ्यायचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं. दोन महिन्यांचं पिल्लू आणलं तरी लळा पूर्ण लागतो. उलट आई-भावंडांकडे ते जे शिकतं, ते आपण शिकवू शकत नाही. खेळताना जोरात चावलं की भाऊ केकाटतो आणि खेळ थांबवतो, आई गुरकावते. किती जोरात चावायचं हे पिल्लू तिथं शिकतं. हे शिक्षण अर्धवट राहिलेलं कुत्रं पुढं आपल्याच पोरांचे हात फोडतं, आणि मग आपण म्हणतो, "ही जातच तापट."

बरं, कायदा नाही असं नाही. केंद्र सरकारचे २०१७ चे श्वान प्रजनन व विक्री नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. ब्रीडरनं राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, नोंदी ठेवायच्या, लस आणि मायक्रोचिप करूनच पिल्लू द्यायचं. आता सांगा, तुमच्या ओळखीत कोणी ब्रीडरला नोंदणी क्रमांक विचारलाय का? आणि ज्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली हे नियम आहेत, त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. चहा-वडापावचा खर्च. एक पिल्लू हजारोंत जातं, मग घाबरणार कोण?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून भटक्या कुत्र्यांवर देशभर रणकंदन झालं. पण घरातून रस्त्यावर येणारी कुत्री कुठून येतात, या प्रश्नावर कोणी घसा कोरडा केला नाही. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसण्याचा हा प्रकार आहे.

महापालिकेला नवीन खातं उघडायची गरज नाही. पुण्या-मुंबईत कुत्र्याचा परवाना काढावाच लागतो. त्या अर्जात पिल्लाची जन्मतारीख, घरी आणल्याची तारीख आणि ब्रीडरचा नोंदणी क्रमांक हे तीन रकाने सक्तीचे करा. बेकायदा धंद्याची यादी आपोआप तयार होईल.

आणि आपण गिऱ्हाइकांनी काय करायचं? आई दाखवल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही. तोंड उघडून बघायचं : आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात बहुधा आलेले असतात, निम्मेच दिसले तर विकणारा वय खोटं सांगतोय. गल्लीतलं पिल्लू आवडलं तरी हाच नियम. आईपासून उचलू नका, दोन महिने तिथंच आईला खायला घाला.

घरी आणल्यावर पहिला आठवडा जड जाणारच. भावंडांच्या उबेत झोपणारा जीव एकदम एकटा पडलेला असतो. त्याला गॅलरीत किंवा बाथरूममध्ये कोंडू नका. तुमच्या पलंगाशेजारी खोक्यात झोपवा, हात लावता येईल असं. आईच्या अंथरुणातलं एखादं फडकं मागून आणा, तो वास मोठा आधार असतो. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा. पहिले काही दिवस खाणं तिथलंच द्या, एकदम बदललं की जुलाब. रात्री एक-दोनदा शू करायला उठावं लागेल, तेव्हा लाड नाहीत की ओरडा नाही. दिवसा थोडा थोडा वेळ एकटं राहायची सवय लावा. आणि जुलाब-उलट्या झाल्या, खाणं सोडलं तर वाट न बघता डॉक्टर गाठा. पार्व्हो दोन दिवसांत जीव घेतो.

कमिटीवाल्यांनाही एक विनंती. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. पण नियमापेक्षा साधी गोष्ट म्हणजे आठ-दहा रात्री कळ काढा. पाळणाऱ्यांनीही आधीच शेजाऱ्यांचं दार वाजवून "थोडे दिवस त्रास होईल" असं सांगावं. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

तुमच्या भागात पिल्लं किती दिवसांची विकली जातात? खाली लिहा. आणि पुढच्या वेळी कोणी "महिन्याचं आहे, लगेच घेऊन जा" म्हणालं, तर त्याला नोंदणी क्रमांक विचारा. चेहरा बघण्यासारखा होतो.