मृगलच्या नाकाची गोष्ट

दहावीच्या वर्गात आम्ही विचारले, मासा वास घेतो का? पोरे हसली. पाण्यात कसला वास! मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, त्याला नाकपुड्या असतात. मी रोज बघते." तिच्या अब्बांचे मोमिनपुऱ्यात मासळीचे दुकान आहे.

तिचे बरोबर होते. मासा श्वास घेतो कल्ल्यांनी. नाकपुड्या फक्त वासासाठी. आत पाकळ्यांसारख्या घड्या असतात, त्यांत वास ओळखणाऱ्या पेशी. त्यांचे तंतू गंधकंदात जातात. मृगल, रोहू यांच्यात हा कंद मेंदूला चिकटलेला नसतो, नाकाजवळ असतो. तिथून लांब दोरी मेंदूपर्यंत जाते.

ही वाट आपल्या नागपूर विद्यापीठातच तपासली गेली आहे. औषधनिर्माणशास्त्र विभागातल्या प्रा. निशिकांत सुभेदार यांच्या गटाने २००३ मध्ये मादी मृगलवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाक आणि मेंदूचे पातळ काप घ्यायचे, ठरावीक रसायनालाच चिकटणारी प्रतिपिंडे लावायची. जिथे रंग उमटला तिथे ते रसायन. शोधत होते ते जीएनआरएच, म्हणजे प्रजननाच्या संप्रेरकांची साखळी सुरू करणारे रसायन. ते चक्क नाकातल्या गंधपेशींत सापडले, आणि विणीच्या हंगामाप्रमाणे बदलताना दिसले. मृगल अंडी घालते पावसाळ्यात. पुढच्या वर्षी याच गटाने मागूरच्या गंधमार्गात एनपीवाय दाखवले. प्राण्यांत भुकेशी संबंध असलेले रसायन ते हेच.

हा जिवंत मेंदूचा चित्रपट नव्हे, हेही सांगायला हवे. कापलेल्या मेंदूचा नकाशा आहे. पण रस्ते माहीत नसतील तर गाडी कुठे धावते ते कसे कळणार? जिवंत उंदीर वास कसा ओळखतात, यावर पुण्याच्या आयसरमध्ये काम चालते.

मुलीला अकरावीला सायन्स घ्यायचे आहे, घरचे म्हणतात दहावी पुष्कळ झाली. पालकसभेला अब्बा आले तेव्हा आम्ही त्यांना मृगलचे सांगितले. ते म्हणाले, "सर, ती मुंडकी तर गिऱ्हाईक नको म्हणतं, आम्ही फेकतो. याचा पगार मिळतो का?" आम्ही खरे तेच सांगितले: एमएस्सीनंतर नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली तर दरमहा शिष्यवृत्ती मिळते, पण वर्षे जातात. ते गप्प राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलगी बर्फाचा डबा घेऊन प्रयोगशाळेत आली. आत चार मुंडकी होती.

"अब्बांनी निवडून दिली," ती म्हणाली.